बुधवारचं दुकान

नमस्कार श्रोतेहो.

मिरजेला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर रद्दीचं एक दुकान होतं. आत तराजू, सुतळीनं बांधलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे, रिकाम्या बाटल्या आणि दाराशी एका लाकडी खोक्यात उभे लावलेले इंद्रजाल कॉमिक्सचे अंक. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी दप्तरासकट त्या खोक्यापुढे उकिडवी बसायची. वेताळाचा, म्हणजे मुखवट्यातल्या 'फँटम'चा, अंक हाती लागला की आधी मधलं पान चाचपून बघायचं, कारण ते पिनेतून निसटून गेलेलं असलं तर ऐन मारामारीच गायब. रद्दीवाले काका अर्ध्या किमतीला अंक द्यायचे आणि वाचून परत आणला की पन्नास पैशांत दुसरा. काट्यावर रद्दी जोखता जोखता म्हणायचे, "हा वाचलास का गं? याच्यात गुहेतला खजिना आहे बघ." त्यांनी स्वतः ते अंक वाचलेले असत. सुपरहिरो मला भेटला तो असा, एका दुकानदाराच्या हातून.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. इंग्रजी, हिंदीबरोबर ते मराठीतही निघे, म्हणून आपल्या दोन-तीन पिढ्यांना वेताळ हा घरचाच वाटत आला. ली फॉक यांचा हा वेताळ अमेरिकी वर्तमानपत्रांत १९३६ साली आला, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसलेला पोशाख आणि डोळ्यांवर मुखवटा हे रूप कॉमिक्सच्या पानावर त्यानं आणलं. आपल्या आवृत्तीत त्याच्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलं होतं. डेंकाली नकाशात शोधणारी मुलं मी पाहिली आहेत, मीही त्यांतलीच.

पुढं नोकरीनिमित्त काही वर्षं न्यू जर्सीत राहिले, तेव्हा घराजवळ कॉमिक्सचं एक दुकान सापडलं. फक्त कॉमिक्सचं. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते अशा दुकानांबद्दल, तिथल्या बुधवारांबद्दल, त्यांच्यावर नुकत्याच आलेल्या संकटाबद्दल आणि मला भावलेल्या आणि न भावलेल्या काही अंकांबद्दल.

१९३८ साली सुपरमॅनला घेऊन 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला, तेव्हा कॉमिक्सचं दुकान असा प्रकारच नव्हता. दहा सेंटचा अंक पेपरवाल्याकडे मिळे, औषधांच्या दुकानात मिळे, किराण्याच्या दुकानात तारेच्या फिरत्या मांडणीवर लटकलेला असे. क्लीव्हलंडचे जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्या अंकाची एकच प्रत लिलावात ६० लाख डॉलरला गेली. एवढी किंमत येते कारण बहुतेक प्रती उरल्याच नाहीत. पोरांनी वाचून फाडल्या, आयांनी रद्दीत घातल्या, महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांत गेल्या.

पेपरवाल्याच्या व्यवहारात एक मोठी खोट होती. न खपलेला अंक परत करता येई. सगळा अंक पाठवायचा खर्च नको म्हणून मुखपृष्ठाची वरची पट्टी फाडून तेवढीच परत पाठवायची आणि बाकीचा अंक फेकून द्यायचा. विकणाऱ्याला तोटा नाही, म्हणून त्याला त्या अंकाचं सोयरसुतकही नाही. या महिन्यात बॅटमॅन आला, पुढच्या महिन्यात आलाच नाही, तर विचारायचं कुणाला? क्रमशः कथा काढायला बरेच प्रकाशक कचरत. वाचकाला पुढचा भाग मिळेलच याची खात्री नव्हती.

हे बदललं एका शाळामास्तरामुळे. फिल सूलिंग हे ब्रुकलिनमधल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि न्यूयॉर्कला कॉमिक्सची संमेलनं भरवत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी प्रकाशकांपुढे एक बोली मांडली: आम्हाला कमिशन जास्त द्या, माल थेट द्या, आणि न खपलेला एकही अंक आम्ही परत करणार नाही. म्हणजे जोखीम सगळी दुकानदाराची. ऐकायला हा व्यवहार दुकानदाराच्या तोट्याचा वाटतो. पण न खपलेला अंक दुकानातच राहतो, म्हणजे जुना अंक शोधत येणाऱ्याला तो मिळतो. जोखीम आपली म्हटल्यावर दुकानदार अंक वाचतो. कुणाला काय आवडेल हे तो लक्षात ठेवतो, कारण त्याचं पोट त्यावर आहे. १९८१ मध्ये मार्व्हल या बड्या प्रकाशकानं 'डॅझलर' या मालिकेचा पहिला अंक फक्त या दुकानांसाठी काढला, आणि त्याच्या चार लाखांवर प्रती गेल्या. त्यानंतर या दुकानांना कुणी किरकोळ समजलं नाही.

आजही तसंच चालतं. येणाऱ्या अंकांची यादी बघून दोनेक महिने आधी मागणी नोंदवायची. जो अंक अजून छापलेला नाही, कदाचित पुरा चितारलेलाही नाही, त्याच्या किती प्रती खपतील याचा अंदाज बांधायचा. कमी मागवल्या तर गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जातं, जास्त मागवल्या तर पैसे अडकून पडतात. म्हणून प्रत्येक दुकानात नेहमीच्या वाचकांची एक यादी असते. तुम्ही नाव द्यायचं, कोणत्या मालिका हव्यात ते सांगायचं, आणि दर बुधवारी तुमचे अंक तुमच्या नावाच्या कप्प्यात काढून ठेवलेले असतात. बुधवार हा नव्या अंकांचा वार. सुपरमॅन-बॅटमॅन काढणाऱ्या डीसी कंपनीनं मध्यंतरी काही वर्षं मंगळवार धरला होता, २०२४ मध्ये ते पुन्हा बुधवारवर आले.

आमच्या न्यू जर्सीच्या दुकानात बुधवारी संध्याकाळी साडेपाचला दाराशी माणसं उभी असायची. प्लंबर, कॉलेजची पोरं, बाळाला पोटाशी बांधलेली एक बाई. कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही, पण गेल्या अंकात काय झालं यावर जोरजोरात वाद व्हायचा. मला तेव्हा आमच्याकडच्या गणपतीच्या मांडवाची आठवण यायची, रात्री उशिरा कार्यकर्ते बसून बोलत असतात तसं ते वातावरण.

नव्वदच्या दशकात मात्र या धंद्याला हावरेपणानं ग्रासलं. अंक वाचायला नाही, पुढे महाग विकता येईल म्हणून लोक घेऊ लागले. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'चा एक नवा पहिला अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी निघाला, त्याच्या ८० लाखांच्या घरात प्रती गेल्या. १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद करून विकला. ज्याच्या लाखो प्रती घरोघर जपून ठेवलेल्या आहेत तो अंक दुर्मिळ कसा होणार? फुगा फुटला, दुकानं हजारांनी बंद झाली, १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्या पडझडीतून वितरक म्हणून एकटी डायमंड कंपनी टिकली. मार्व्हल, डीसी, लहानमोठे सगळे प्रकाशक तिच्यामार्फतच दुकानांत जात. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे तिनं नवा माल पाठवणं थांबवलं आणि कित्येक आठवडे नवे अंक दुकानांत आलेच नाहीत. बुधवार आला आणि गेला. त्याच वर्षी डीसी बाहेर पडली, पुढच्या वर्षी मार्व्हल. २०२५ च्या जानेवारीत डायमंडनं दिवाळखोरीचा अर्ज केला. मोठ्या कंपन्यांना याची फारशी झळ लागली नाही, कारण त्या आधीच दूर झाल्या होत्या. मार बसला तो लहान प्रकाशकांना. त्यांनी विक्रीसाठी डायमंडच्या गोदामात ठेवलेली पुस्तकं, ज्यांची मालकी अजून त्यांचीच होती, तीसुद्धा कोर्टाच्या वादात अडकली. चार माणसांच्या प्रकाशनानं वर्षभर राबून काढलेली पुस्तकं, आणि ती स्वतःलाच परत मिळवायला वकील लावायचा, हे मला फार अन्यायाचं वाटतं. दुकानदार आता तीन-चार ठिकाणांहून माल मागवतात, तेवढी वाहतूक, तेवढी बिलं. तरीही दुकानं चालू आहेत.

दुकानांच्या कार्यक्रमांतला माझा सगळ्यात आवडता दिवस मेचा पहिला शनिवार. कॅलिफोर्नियातल्या काँकर्ड गावचे दुकानदार जो फील्ड यांनी शेजारच्या आइस्क्रीमच्या दुकानात फुकट आइस्क्रीमच्या दिवशी लागलेली रांग पाहिली आणि कॉमिक्सचा असा दिवस का नको, असं सुचवलं. पहिला दिवस झाला ४ मे २००२ रोजी, स्पायडरमॅनचा सिनेमा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी. वाचकाला अंक फुकट मिळतो, पण दुकानदाराला नाही, त्याला प्रत्येक प्रतीमागे थोडे पैसे मोजावे लागतात. आमच्या दुकानात त्या दिवशी लहान मुलांसाठी जमिनीवर चटया टाकलेल्या असत. एकदा एक सहा-सात वर्षांची मुलगी अंक वाचताना ओठ हलवत होती, अक्षर लावून लावून, आणि तिचे वडील तिच्या मागं तासभर नुसते उभे होते. त्यांनी तिला एकदाही 'चल' म्हटलं नाही.

आता अंकांकडे वळते. सध्या गाजतो आहे 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन', ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेला. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रागोटा. इथला ब्रूस वेन श्रीमंत नाही. वाडा नाही, तळघरातली गुहा नाही. वडील शिक्षक होते, शाळेच्या सहलीत प्राणिसंग्रहालयात झालेल्या गोळीबारात गेले. आई जिवंत आहे. ब्रूस अभियंता आहे आणि जे लागतं ते स्वतःच्या हातानं घडवतो. छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह म्हणजे जाड लोखंड, ते काढलं की कुऱ्हाडीचं पातं होतं. ड्रागोटानं त्याचा देह एवढा रुंद काढला आहे की चौकटीत मावत नाही. पैसा काढून घेतल्यावर बॅटमॅनमध्ये काय उरतं, या प्रश्नाला इतकं सरळ भिडणारा अंक मी बऱ्याच वर्षांनी वाचला. माझी तक्रार हिंसेबद्दल आहे. तुटलेली हाडं इतक्या हौसेनं काढली आहेत की काही पानं मी उलटून टाकली. लहान मुलांच्या हाती हा अंक देऊ नका.

दुसरा अंक आपल्या मुंबईचा. २००४ मध्ये 'स्पायडरमॅन इंडिया' ही चार अंकांची मालिका निघाली, चित्रं जीवन कांग यांची. पीटर पार्करचा झाला पवित्र प्रभाकर, मेरी जेनची मीरा जैन, काका बेनचे भीमकाका. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईच्या शाळेत आलेला हा मुलगा धोतरावरून चिडवला जातो. शहरात नव्यानं आलेल्या मुलाचं ते बावरलेपण कांग यांनी पोक काढलेल्या खांद्यांतून नेमकं पकडलं आहे. पण त्याला शक्ती देतो एक योगी, आणि कथा तिथंच सैल होते. मूळ पीटरला कोळी चावतो तो निव्वळ योगायोगानं. कुणी निवडलेलं नसताना अंगावर येऊन पडलेली जबाबदारी, हाच त्या कथेचा कणा. योग्यानं निवडलं म्हटल्यावर ते विधिलिखित झालं. धोतर, घुमट, राक्षस एवढं सगळं आणून मुंबई मात्र आली नाही. आठ अठ्ठावीसच्या लोकलमध्ये दारात लटकलेल्या माणसाला हात देणारा स्पायडरमॅन मला हवा होता.

आणि एक पान. रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही, म्हणून सांगते. 'ऑल-स्टार सुपरमॅन' ही बारा अंकांची मालिका २००५ ते २००८ या काळात निघाली, लेखक ग्रँट मॉरिसन, चित्रकार फ्रँक क्वाइटली. सुपरमॅनला आपण मरणार आहोत हे कळलेलं आहे आणि उरलेल्या वेळात तो एकेक काम उरकतो आहे. दहाव्या अंकात मध्येच एक पान येतं. उंच इमारतीच्या कठड्यावर एक तरुण मुलगी उभी आहे, उडी मारण्याच्या बेतात. सुपरमॅनच्या इतर कुठल्याही अंकात ती पडली असती आणि त्यानं तिला हवेत झेललं असतं. इथं ती पडत नाही. तो मागून येऊन तिच्याजवळ उभा राहतो. तुझे डॉक्टर खरंच वाटेत अडकले होते, असं सांगतो. तुला वाटतं त्यापेक्षा तू खंबीर आहेस, असं सांगतो. शेवटच्या चौकटीत ती त्याला बिलगलेली आहे. ग्रह उचलणाऱ्या माणसाची ताकद दाखवायला क्वाइटलीनं फक्त त्याचे दोन हात तिच्या पाठीवर काढले आहेत, अगदी हलके.

हे पान मी प्रथम वाचलं ते त्या न्यू जर्सीच्या दुकानात, २००८ च्या वसंतात. मी सुपरमॅन घेत नसे. शक्तिमान माणसाची गोष्ट ती काय वाचायची, असं मी त्या दुकानदाराला म्हटलं होतं. तो काही बोलला नाही. अंक पिशवीतून काढला, पान उघडलं, गल्ल्यावर माझ्याकडे तोंड करून ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी वाचून मान वर केली तेव्हा हातात पेन आणि कोरं कार्ड घेऊन तो समोर उभा होता. यादीत घालायला त्याला माझं नाव हवं होतं. मराठी आडनाव त्याला जमेना, मग मी एकेक अक्षर सांगत गेले आणि तो लिहीत गेला.