लमेत्र यांनी खोडलेलं वाक्य

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा प्रश्न कीर्तन संपल्यावरच्या गप्पांत निघतो, तसा कॉलेजच्या कट्ट्यावरही निघतो. विश्व अतिशय तप्त, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आलं, हा महास्फोटाचा सिद्धांत आला, मग जगाला निर्माता आहे हा तत्त्वज्ञानातला युक्तिवाद मोडला का? की उलट पक्का झाला? माझं उत्तर आधीच सांगतो. दोन्ही झालं नाही. कारण मुळात प्रश्न दोन आहेत. विश्वाची सुरुवात कधी आणि कशी झाली, हा एक. विश्व मुळात का आहे, हा दुसरा. दुर्बीण बोलते ती पहिल्याबद्दल.

हे ज्यांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट कळलं, ते स्वतः धर्मगुरू होते. जॉर्ज लमेत्र, बेल्जियमचे. जन्म 1894 चा. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होते, 1923 साली कॅथलिक पाद्री झाले आणि लगेच केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्याकडे खगोलशास्त्र शिकायला गेले. 1927 साली त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून दाखवून दिलं की विश्व प्रसरण पावतंय. याच प्रसरणाबद्दल खगोलशास्त्रज्ञ हबल यांचा प्रसिद्ध लेख आला तो त्यानंतर दोन वर्षांनी. पण लमेत्र यांचा लेख फ्रेंचमध्ये, ब्रसेल्सच्या एका नियतकालिकात. फारसा कुणी वाचलाच नाही. 1927 सालीच आइन्स्टाइन त्यांना ब्रसेल्सला भेटले आणि म्हणाले, तुमचं गणित बरोबर आहे, भौतिकशास्त्र मात्र भयंकर आहे.

मग 1931. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लमेत्र यांचं छोटं टिपण आलं: काळ उलटा नेत गेलो तर सारं विश्व एका आदिअणूत एकवटतं. या टिपणाचा टंकलिखित मसुदा शिल्लक आहे, आणि त्याच्या शेवटी काही ओळी खोडलेल्या आहेत. त्यांत देवाचं नाव होतं. जो परमेश्वराला मानतो तो परमेश्वर गुप्त आहे हेही मानतो, आणि आजचं भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा धरतंय याचा त्याला आनंदच वाटेल, अशा अर्थाचं ते वाक्य. छापायला देताना लमेत्र यांनी ते काढून टाकलं. श्रद्धा कमी होती म्हणून नव्हे. ते वाक्य त्या कागदावरचं नव्हतं, म्हणून.

आता 22 नोव्हेंबर 1951. व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे पोप बारावे पायस यांचं भाषण झालं. 'प्रकाश होवो' या आद्य आज्ञेची साक्ष जणू आजचं विज्ञान देतंय, असा त्याचा सूर. जगभर बातम्या झाल्या. आणि अस्वस्थ कोण झालं? लमेत्र! त्याच अकादमीचे सदस्य, त्याच चर्चचे पाद्री. सिद्धांत अजून कच्चा आहे, उद्या तो बदलला तर धर्माची साक्षही कोसळेल, ही एक भीती. दुसरी त्याहून मोठी: लोक दोन प्रश्न एक करून टाकतील. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमणार होते, पोप त्यांच्यापुढेही बोलणार होते. लमेत्र रोमला गेले, व्हॅटिकन वेधशाळेच्या संचालकांना भेटले, आपलं म्हणणं मांडलं. सप्टेंबर 1952 च्या भाषणात पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. 1958 साली लमेत्र यांनी उघडच सांगितलं की हा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे आणि नास्तिकालाही तो मोकळीक देतो.

आपल्याकडे 'हे सगळं आमच्या ग्रंथांत आधीच होतं' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी या पाद्र्याचा धडा घ्यावा असं मला फार वाटतं. ज्या ऋषींनी नासदीय सूक्तात 'कोण जाणे' असं विचारायचं धाडस केलं, त्यांच्या तोंडी आपण तयार उत्तर घालतो. आणि ओघात एक सांगतो: मुलांना सुट्टीत आणखी एक क्लास लावण्यापेक्षा अमावास्येच्या आसपास एक रात्र पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर न्या. शहरातल्या दिव्यांत आकाशगंगा दिसत नाही, आणि न पाहिलेल्या आकाशाबद्दल मुलं प्रश्न तरी काय विचारणार?

तर, लमेत्र सावध का होते? विश्वाचं वय साधारण 13.8 अब्ज वर्षं. मागं जात 3,80,000 वर्षांच्या टप्प्यावर तापमान सुमारे 3,000 केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्यापासून मोजलेले 3,000 अंश होतं. तेव्हा मोकळा झालेला प्रकाश आज 2.7 केल्विनपर्यंत थंडावून आपल्याकडे येतो. पेन्झिआस आणि विल्सन या शास्त्रज्ञांना तो सापडल्याचं 1965 साली जाहीर झालं. आणखी मागं, पहिल्या काही मिनिटांत हेलियम बनला: साध्या पदार्थाचा वजनाने चौथा भाग. इथवर मोजमाप आहे. त्याही मागं, एका सेकंदाला एकावर त्रेचाळीस शून्यांनी भागलं की जो क्षण येतो, तिथं आइन्स्टाइनचं समीकरण एकटं पुरत नाही. अणूंच्या पातळीवरचे नियम आणि गुरुत्व एकत्र आणणारा पुंज गुरुत्वाचा (क्वांटम ग्रॅव्हिटीचा) सिद्धांत लागतो आणि तो अजून हाती नाही. म्हणजे 'शून्य क्षण' कुणी मोजलेला नाही. पुन्हा सांगतो: शून्य क्षण मोजलेला नाही.

आता युक्तिवाद. वेळ थोडा आहे. अकराव्या शतकातले इस्लामी विचारवंत अल-गझाली म्हणतात, ज्याला सुरुवात आहे त्याला कारण आहे; विश्वाला सुरुवात आहे; म्हणून निर्माता. हा युक्तिवाद त्या न मोजलेल्या क्षणावर उभा आहे. 2003 सालचं बोर्ड, गूथ, विलेन्किन या भौतिकशास्त्रज्ञांचं प्रमेय सांगतं की सरासरीने प्रसरणच पावत आलेलं विश्व मागं अनंत जाऊ शकत नाही. पण त्या प्रसरणाआधी काहीच नव्हतं, असं ते म्हणत नाही. उलट हार्टल आणि हॉकिंग यांनी 1983 साली काळाला कडाच, म्हणजे पहिला क्षणच नसलेलं विश्व मांडलं, पण तिथंही पुंजयामिकीचे (क्वांटम मेकॅनिक्सचे) नियम गृहीत आहेतच. नियम आहेत म्हणजे 'काहीच नाही' असं नव्हे. इथं विज्ञानाचा धक्का बसू शकतो, आधारही मिळू शकतो, दोन्ही तात्पुरते.

ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्विनास यांनी मात्र तेराव्या शतकातच मान्य केलं होतं की जगाला सुरुवात होती हे तर्काने सिद्ध होत नाही. त्यांचा निर्माता सुरुवात करून देणारा नव्हे, तर आत्ता, या क्षणीही जग धरून ठेवणारा आहे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचा प्रश्नही तसाच: काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे?

कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी सुरुवात नसलेलं विश्व मांडलं. 'बिग बँग' हे नाव हॉईल यांनीच 1949 साली बीबीसी रेडिओवर दिलं, आपल्याला न पटलेल्या या महास्फोटाच्या सिद्धांताला. समजा उद्या नारळीकरांचं विश्व खरं ठरलं. गझालींचा युक्तिवाद कोसळेल. लायब्निझचा प्रश्न जिथल्या तिथं राहील.

आपल्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचंही असंच. त्यांतले उदयनाचार्य म्हणतात, घट हे कार्य, म्हणजे घडवलेली वस्तू आहे, त्याला कर्ता आहे. पृथ्वीही कार्य आहे, म्हणून तिलाही कर्ता आहे. पण न्यायमतात परमाणू नित्य आहेत. ईश्वर त्यांची जुळणी करतो, शून्यातून काढत नाही. त्यामुळे महास्फोट या युक्तिवादाला ना आधार देतो ना तडा. त्याचं खरं दुखणं वेगळं आहे: घट करणारा कुंभार आपण पाहिलाय, पृथ्वी करणारा कुणी पाहिलेला नाही. जैन आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकातच निर्मितीवाद्यांना विचारलं होतं, जग नव्हतं तेव्हा निर्माता कुठं होता, आणि साहित्य कुठून आणलं? या वादात कुठलीही दुर्बीण साक्षीदार होऊ शकत नाही. तो तर्कानेच लढायचा आहे, आणि अजून मिटलेला नाही.

नमस्कार.