कोंबडीच्या आतड्यातला बॅक्टेरिया, त्याचं विष आणि न चालणारं औषध

नमस्कार मंडळी, आज थेट ब्रॉयलर कोंबडीच्या आतड्यात शिरायचंय, जेवत असाल तर व्हिडिओ नंतर बघा.

तिथे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाचा बॅक्टेरिया असतो, धडधाकट कोंबडीतही असतो बरं का, म्हणजे सापडला की रोग झालाच असं नाही. पण कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्यातल्या परजीवीमुळे होणारा रोग) होऊन आतड्याला इजा झाली, किंवा खाद्यात फिशमील जास्त पडलं, की हा माजतो आणि आतड्याचा आतला थर सडायला लागतो. हाच नेक्रोटिक एन्टेरायटिस. कधी सकाळी शेडमध्ये मेलेल्या कोंबड्याच दिसतात, कधी मर फारशी नसते पण खाद्य खाऊनही पक्षी वजन धरत नाहीत, आणि हा दुसरा प्रकार जास्त वाईट कारण पैसा जातोय हे कळतच नाही.

आता कितीतरी वर्षं सगळे या बॅक्टेरियाच्या अल्फा टॉक्सिन नावाच्या विषाला दोषी धरून बसले होते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याचा जीनच बंद पाडून २००६ मध्ये दाखवलं की कोंबड्या तरी आजारी पडतातच! मग २००८ मध्ये त्यांना नेटबी सापडलं, हे विष पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. त्याचा जीन बंद केला तर रोग गायब, परत घातला तर रोग हजर. याला म्हणतात पुरावा.

खरी गंमत पुढे आहे. २०११ मध्ये तिथल्याच आजारी कोंबडीतल्या या बॅक्टेरियाच्या एका स्ट्रेनमध्ये, म्हणजे एका वाणात, तीन मोठे प्लाझ्मिड निघाले, प्लाझ्मिड म्हणजे मुख्य डीएनएपासून वेगळी डीएनएची गोल कडी. एकावर नेटबी, दुसऱ्यावर बीटा-२ नावाच्या आणखी एका विषाचा जीन, आणि तिसऱ्यावर टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा जीन, म्हणजेच रेझिस्टन्स. तिघं एकमेकांची सख्खी भावंडं शोभतील इतके सारखे, आणि तिन्ही आपापले उठून शेजारच्या बॅक्टेरियात जाऊ शकतात, म्हणजे काल निरुपद्रवी असलेल्याला आज विष आणि रेझिस्टन्स दोन्ही मिळू शकतं.

मग अशा शेडमध्ये पाण्यातून टेट्रासायक्लिन सोडलं तर काय होणार? ज्यांच्यावर औषध चालतं ते बॅक्टेरिया मरणार, हा टिकणार, वर त्याला मोकळी जागा मिळणार, आणि नेटबी तर त्याच्यात आहेच. त्यामुळे दुकानदार म्हणाला म्हणून बाटली ओतू नका राव, आधी पोस्टमॉर्टेम करून घ्या, कुठलं औषध चालतं ते सांगणारी सेन्सिटिव्हिटी टेस्ट करा, आणि कॉक्सीचं काय चाललंय ते बघा.