आयुंगिन: पोवळ्यांचं कडं आणि गंजलेलं जहाज

ओहोटी लागली, की दक्षिण चीन समुद्रात पोवळ्यांचं एक कडं पाण्याबाहेर डोकावतं. भरतीला पुन्हा बुडतं. इथे झाड नाही, गोड्या पाण्याचा झरा नाही. फिलिपिन्स त्याला आयुंगिन म्हणतं, चीन रेन-आय. व्हिएतनाम आणि तैवानही ते आपलंच म्हणतात.

कड्यावर एक जहाज रुतलेलं दिसतं. सिएरा माद्रे. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे किनाऱ्यावर उतरवायला अमेरिकेने बांधलेलं. जवळच्याच मिस्चीफ खडकावर चीनने १९९५ मध्ये बस्तान बसवलं. आता आयुंगिनही जाईल, या धास्तीने फिलिपिन्सने १९९९ मध्ये हे शंभर मीटरचं जहाज मुद्दाम खडकावर चढवलं. तेव्हापासून मूठभर सैनिक त्यावर राहतात. खारं वारं पत्रा खातंय, पण नौदलाच्या लेखी जहाज अजून सेवेत आहे.

२०१६ मध्ये हेगच्या लवादाने निकाल दिला: भरतीला बुडणाऱ्या अशा खडकावर मालकी सांगता येत नाही, आणि फिलिपिन्सच्या पालावान बेटापासून तो दोनशे सागरी मैलांच्या आत असल्याने इथल्या समुद्रसंपत्तीवर हक्क फिलिपिन्सचा. चीनने निकाल धुडकावला.

बातम्यांमध्ये बहुतेक एवढंच आलं. पण त्याच निकालात महाकाय शिंपल्यांचीही कहाणी आहे. हे शिंपले पोवळ्यांत घट्ट रुतून वाढतात. हस्तिदंतासारखं कोरीवकाम होतं म्हणून त्यांच्या कवचाला भाव. ते उपसायला चिनी मच्छीमार होडी एकाच जागी फिरवत, इंजिनाच्या पंख्याने पोवळं फोडून काढत. इवलेसे जीव शतकानुशतकं थरावर थर चढवतात, तेव्हा कुठे असं कडं उभं राहतं. पंख्याला ते भुगा करायला वेळ लागत नाही. दक्षिण चीन समुद्रातल्या अनेक खडकांवर हे घडलं; शिंपले आयुंगिनवरूनही उपसले गेले. चीनने ते थांबवलं नाही, असा ठपका लवादाने ठेवला. माझ्या मते निकालातली सर्वांत जड पानं हीच.

सिएरा माद्रेवर रसद नेणाऱ्या होड्यांवर चिनी जहाजं पाण्याचे जोरदार फवारे मारत. १७ जून २०२४ रोजी चिनी तटरक्षक चाकू-कुऱ्हाडी घेऊन रबरी होड्यांवर चालून आले. एका फिलिपिनी नौसैनिकाचा अंगठा तुटला. जुलैत दोन्ही देशांत रसदीपुरता समझोता झाला आणि त्याच महिन्यात अन्नपाणी घेऊन होडी जहाजाला लागली.