रिसेप्टर आत गेला म्हणजे सिग्नल संपला का?

तर इम्यून सेलच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असतो, त्याला बाहेरून काहीतरी येऊन चिकटतं, आत निरोप जातो, आणि पुस्तकातलं चित्र तिथेच संपतं. पण त्या रिसेप्टरचं पुढे काय होतं? पेशी त्याला चक्क गिळते.

कसं ते बघा, क्लॅथ्रिन नावाचं प्रोटीन आहे, त्याचा प्रत्येक तुकडा तीन पायांचा, हे तुकडे पेशीच्या पडद्याच्या आतल्या बाजूला येऊन एकमेकांत पाय अडकवत जातात, टोपली विणल्यासारखं, आणि तेवढा पडदा आत खचत जातो. मग डायनॅमिन नावाचं दुसरं प्रोटीन त्या खचलेल्या भागाच्या मानेला वेढे घालतं, आवळतं, की पिशवी सुटली. साधारण १०० नॅनोमीटरची असेल. सगळेच रिसेप्टर याच वाटेने जातात असं नाही हां.

आता मला पण आधी वाटायचं की आत घेतलं म्हणजे स्विच बंद. काही रिसेप्टरच्या बाबतीत ते खरंही आहे, पण टीएलआर-४ नावाचा रिसेप्टर बघा. मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या इम्यून सेलवर असतो, बॅक्टेरियाच्या आवरणातलं एलपीएस ओळखतो. पृष्ठभागावर असताना तो पेशीच्या आतल्या मायडी-८८ या प्रोटीनला कामाला लावतो, त्यातून सूज आणणारी प्रोटीन्स बनायला लागतात. मग सीडी-१४ या दुसऱ्या प्रोटीनच्या मदतीने तोच रिसेप्टर एलपीएससकट आत ओढला जातो, आणि एंडोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या पिशवीत पोचल्यावर त्याचा जोडीदारच बदलतो, आता ट्रॅम आणि ट्रिफ ही प्रोटीन्स, आणि त्यांच्यामुळे इंटरफेरॉन, म्हणजे इतर पेशींना सावध करणारं प्रोटीन बनतं. रिसेप्टर तोच, एलपीएस तेच, फक्त जागा बदलली आणि निरोप बदलला! हे २००८ मध्ये दाखवलं गेलं, आणि मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट हीच.

टी सेल हीही एक इम्यून सेल, आणि तिच्यावरचा इंटरल्यूकिन-२ चा, म्हणजे टी सेलना वाढायला सांगणाऱ्या प्रोटीनचा रिसेप्टर अजून वेगळा. त्याला अल्फा, बीटा, गॅमा अशा तीन साखळ्या, तिघी इंटरल्यूकिनला धरून एकत्रच आत जातात, पण आत गेल्यावर फाटाफूट होते, अल्फा परत वर येते आणि बीटा, गॅमा लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या कचरा मोडणाऱ्या पिशवीत जाऊन संपतात, सोबत इंटरल्यूकिन-२ पण. म्हणजे निरोप वाचता वाचता पेशी तो निरोपच खाऊन टाकते. रेग्युलेटरी टी सेलवर, म्हणजे इतर इम्यून सेलना आवर घालणाऱ्या टी सेलवर तर अल्फा कायमच भरपूर असते, त्यामुळे त्या आजूबाजूचं इंटरल्यूकिन-२ ओढून घेत राहतात आणि शेजारच्या टी सेलना ते कमी पडतं.