नेमलेला आमदार कुणाचा?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, फळा मागितला तेव्हा संयोजक जरा बुचकळ्यात पडले. कारण साधं आहे. आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं, हातात खडू नसला की मला बोलायला सुचत नाही.

तर हा आकडा बघा: ७८. आपल्या विधान परिषदेची सदस्यसंख्या. यातले ३० जण विधानसभेचे आमदार निवडून देतात. २२ जण जिल्हा परिषदा, महापालिका, नगरपालिका यांच्या मतांवर येतात. ७ पदवीधरांचे आणि ७ शिक्षकांचे. बेरीज करा. ६६. उरले बारा. या बारा जणांना कुणीही मत दिलेलं नसतं. राज्यपाल त्यांना नेमतात, सहा वर्षांसाठी. पण सभागृहात ते बसले की त्यांच्या मताचं वजन बाकीच्यांएवढंच.

नेमायचे कुणाला? घटनेच्या १७१व्या कलमात क्षेत्रं दिली आहेत: साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा. यांचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव हवा. गंमत अशी की राज्यसभेवर राष्ट्रपती जे बारा सदस्य नेमतात, त्यांच्यासाठीच्या यादीत सहकार नाही. तो फक्त विधान परिषदेसाठी घातलेला आहे. राज्याराज्यांतली सहकाराची कामं डोळ्यांपुढे ठेवून तो घातला असावा, असा माझा अंदाज. साखर कारखान्याच्या संचालकाची सोय लावायला हाच शब्द उपयोगी पडेल, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं असेल का, ठाऊक नाही. आणि समाजसेवा? त्या शब्दात तर अख्खा गाव मावतो. रक्तदान शिबिराचा एक फोटो जवळ असला की झालं.

मी या नेमणुकांच्या मुळावर उठलेला माणूस नाही, हे आधीच सांगतो. ग. दि. माडगूळकर या परिषदेत होते. ना. धों. महानोर १९७८ साली नियुक्त होऊन गेले. पळसखेड्याला शेती करणारा कवी. पाण्याबद्दल, फळबागांबद्दल, शेतकऱ्याच्या रोजच्या अडचणींबद्दल सभागृहात बोलला. आता मला सांगा, हा माणूस कोणत्या मतदारसंघातून निवडून आला असता? तिकीट कुणी दिलं असतं? जीपगाड्यांचा खर्च कुणी केला असता? निवडणुकीच्या चाळणीत अशी माणसं अडकून राहतात, म्हणून बाजूने एक लहान दार ठेवलं. दार ठेवण्यात चूक नव्हती. त्या दारातून कोण शिरलं आणि दाराची किल्ली कुणाकडे राहिली, इथे सगळा घोळ आहे.

आणि हा घोळ पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनचा आहे. १९५२. मद्रास विधानसभेच्या ३७५ जागा, काँग्रेसला मिळाल्या १५२. बहुमत नाही. विरोधकांनी आघाडी बांधून सरकारवर दावा सांगितला. तेव्हा राज्यपाल श्रीप्रकाश यांनी काय केलं? राजगोपालाचारींना परिषदेवर नियुक्त केलं आणि मुख्यमंत्रीही केलं. राजाजी निवडणुकीला उभेच नव्हते. देशाचे गव्हर्नर जनरल राहिलेला माणूस. विद्वत्तेबद्दल किंवा लेखणीबद्दल कुणी शंका घ्यावी असं काही नव्हतं. म्हणजे १७१व्या कलमाच्या चौकटीत ते अगदी चपखल बसत होते. पण त्यांना तिथे नेलं होतं ते साहित्यावर बोलण्यासाठी नव्हे, सरकार बनवण्यासाठी. कम्युनिस्ट नेते पी. राममूर्ती मद्रास उच्च न्यायालयात गेले, याचिका फेटाळली गेली. पुढे मुख्यमंत्री असतानाही राजाजींनी पोटनिवडणूक लढवली नाही. पात्र माणूस आणि योग्य नेमणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षीच दिसलं होतं.

आता आपल्या घरी येऊ.

२८ नोव्हेंबर २०१९ला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. तेव्हा ते कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. सदस्य नसलेल्या मंत्र्याला घटना सहा महिने देते. म्हणजे मे २०२० अखेरपर्यंत. मध्येच करोना आला, टाळेबंदी लागली, परिषदेच्या निवडणुका लांबणीवर पडल्या. राज्यपालनियुक्त दोन जागा रिकाम्या होत्या. ९ एप्रिलला मंत्रिमंडळाची बैठक झाली. मुख्यमंत्र्यांच्याच नावाची शिफारस करायची, तर अध्यक्षस्थानी मुख्यमंत्री कसे बसणार? म्हणून अजित पवार बसले. शिफारस राजभवनावर गेली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. एप्रिलच्या अखेरीस पुन्हा शिफारस गेली. पुन्हा तेच. शेवटी निवडणूक आयोगाने परिषदेच्या नऊ जागांची निवडणूक जाहीर केली आणि ठाकरे बिनविरोध निवडून आले. ते छायाचित्रकार आहेत. नेमणूक झाली असती तर कलेच्या रकान्यातून झाली असती की समाजसेवेच्या, याची उत्सुकता माझी तशीच राहिली.

ही झलक होती. खरा प्रकार नोव्हेंबरपासून सुरू झाला. बाराच्या बारा जागा रिकाम्या झाल्या होत्या. ६ नोव्हेंबर २०२०ला महाविकास आघाडीचं शिष्टमंडळ बंद पाकीट घेऊन राजभवनावर गेलं. तिन्ही पक्षांची प्रत्येकी चार नावं. त्यात गायक आनंद शिंदे होते, अभिनेत्री ऊर्मिला मातोंडकर होत्या, शेतकरी संघटनेतले राजू शेट्टी होते. आणि एकनाथ खडसेही होते, जे काही दिवसांपूर्वीच भाजप सोडून राष्ट्रवादीत आले होते. यादी वाचली तेव्हा मी मनात हिशेब केला: किती जण कलमात बसतात आणि किती जणांना कलमात बसवलंय. तुम्हीही करून बघा. पुनर्वसन हा शब्द आपल्याकडे धरणग्रस्तांसाठी होता, तो राजकारण्यांना कधी लागला कळलंच नाही. तिकीट न मिळालेला, पडलेला, नाराज झालेला, पक्ष बदलून आलेला, या सगळ्यांचं पुनर्वसन परिषदेत.

तरीही माझा मुद्दा यादीतल्या नावांचा नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९५२ सालीच सांगितलं होतं की या नेमणुका राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करायच्या असतात. एखादं नाव निकषात बसत नसेल तर राज्यपालांनी तसं लिहून परत पाठवावं. उत्तर प्रदेशात राम नाईक राज्यपाल होते, आपले मुंबईचेच. २०१५ साली त्यांनी अखिलेश यादव सरकारच्या यादीतली काही नावं मान्य केली आणि काहींबद्दल हरकत घेतली. तेलंगणात सप्टेंबर २०२३मध्ये राज्यपालांनी दोन नावं सरळ नाकारली. त्यावर वाद घालता येतो, कोर्टात जाता येतं. तिथे लोक गेलेही. नकार ही निदान हातात धरता येणारी वस्तू आहे. मौन कुठे धरणार?

कोश्यारींनी मौन धरलं. आठ महिने झाले, तेव्हा नाशिकच्या एका नागरिकाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०२१ला निकाल दिला. राज्यपालांनी वाजवी काळात निर्णय घ्यायला हवा, आठ महिने हा वाजवीपेक्षा जास्त काळ आहे, असं म्हटलं. पण राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसतात, म्हणून आदेश देता येत नाही, असंही म्हटलं. म्हणजे पेपर तपासला, विद्यार्थी नापास ठरवला आणि गुणपत्रिका मात्र दिली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. जून २०२२मध्ये सरकार पडलं. सप्टेंबरमध्ये शिंदे सरकारने जुनी यादी मागे घेतली आणि राज्यपालांनी ती लगेच परत दिली. जवळजवळ दोन वर्षं न उठलेली लेखणी तेव्हा मात्र चटकन उठली. नव्या नेमणुकांवर सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, ती जुलै २०२३मध्ये उठली. यादी मागे घेण्याविरुद्धची याचिका उच्च न्यायालयात ऐकून झाली, निकाल राखून ठेवला. आणि निकाल यायच्या आत, १५ ऑक्टोबर २०२४ला, सात नवे सदस्य विधान भवनात शपथ घेऊन मोकळे झाले. त्याच दिवशी दुपारी निवडणूक आयोगाने विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा केली. याचिका पुढे जानेवारी २०२५मध्ये फेटाळली गेली. सातांत तीन भाजपचे, दोन शिंद्यांच्या शिवसेनेचे, दोन अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे. आधीची वाटणी तीन पक्षांत चार-चार-चार, नंतरची तीन-दोन-दोन. साहित्य, विज्ञान, कला हे शब्द दोन्ही वेळेला कागदाच्या वरच्या ओळीत होते, एवढंच.

जून २०२० ते ऑक्टोबर २०२४. चार वर्षांहून अधिक काळ बारा खुर्च्या रिकाम्या. ७८चं सभागृह ६६वर. यामुळे कुणाचं काय अडलं, असं मला एका माजी विद्यार्थ्याने विचारलं. प्रश्न बरोबर आहे आणि बोचराही. अडलं ते हे की निवडून आलेल्या एका सरकारचा अधिकार, चांगला वापरला असता की वाईट ते बाजूला ठेवा, कुणीही नाही न म्हणता काढून घेतला गेला.

आता जरा दक्षिणेला जाऊ, कारण तिथलं चित्र आणखी वेगळं आहे. पुदुच्चेरी. तिथे परिषद नाही, एकच विधानसभा. तीस निवडलेले आणि जास्तीत जास्त तीन नेमलेले. हे तीन कोण नेमतं? १९६३चा केंद्रशासित प्रदेशांचा कायदा सांगतो, केंद्र सरकार. पात्रता? सरकारी नोकर नसावा. बस्स! साहित्य नाही, कला नाही, समाजसेवेचं पांघरूणसुद्धा नाही.

२०१६च्या निवडणुकीत तिथे भाजपचा एकही आमदार निवडून आला नव्हता. ४ जुलै २०१७च्या रात्री नायब राज्यपाल किरण बेदी यांनी राजनिवासात तिघांना शपथ दिली. तिघेही भाजपचे. त्यांत एक पक्षाचे प्रदेशाध्यक्षच. मुख्यमंत्री काँग्रेसचे नारायणसामी. त्यांना विचारलेलं नव्हतं. विधानसभेच्या अध्यक्षांनी तिघांना सदस्य मानायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ६ डिसेंबर २०१८ला निकाल आला: नेमणूक वैध, राज्य सरकारचा सल्ला घ्यायची गरज नाही, आणि या सदस्यांना मताचा पूर्ण अधिकार आहे, अर्थसंकल्पावर आणि अविश्वास ठरावावरसुद्धा.

कायद्याच्या अक्षराप्रमाणे निकाल बरोबर असेल. आता त्या अक्षराचं पुढे काय झालं ते बघा. फेब्रुवारी २०२१, राजीनाम्यांमुळे सभागृह २६वर आलेलं. (इथे फळ्यावर आकडे मांडले.) सत्ताधारी बाजूला अध्यक्ष धरून १२. समोर निवडून आलेले ११. आणि नेमलेले ३. अकरा अधिक तीन, चौदा. बारा विरुद्ध अकरा होतं ते बारा विरुद्ध चौदा झालं. २२ फेब्रुवारीला नारायणसामी भाषण करून सहकाऱ्यांसह बाहेर पडले, अध्यक्षांनी सरकारने बहुमत गमावल्याचं जाहीर केलं. आमदार फुटले, राजीनामे पडले, हे खरंच. सरकार आतूनच पोखरलेलं होतं. पण शेवटचं पारडं ज्या तिघांनी खाली नेलं, त्यांना पुदुच्चेरीतल्या एकाही मतदाराने तिथे पाठवलेलं नव्हतं.

म्हणून म्हणतो, 'नियुक्त सदस्य' या एका शब्दाखाली आपण दोन वेगळे प्राणी बांधतो. मुंबईत बारा नावं ठरवणारं मंत्रिमंडळ पाच वर्षांनी माझ्या-तुमच्या दारात येतं. वशिल्याने नेमणुका केल्या तर जाब विचारायला माणूस सापडतो. शिवाय परिषदेच्या मतावर सरकार पडत नाही. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं. पुदुच्चेरीत नेमणारा दिल्लीत बसतो आणि नेमलेला माणूस सरकार पाडू शकतो. जम्मू-काश्मीरमध्ये आता ९० निवडलेले आणि पाच नेमलेले, अशी तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४च्या निकालाआधी तिथले लोक बोटांवर मोजत होते की बहुमत ४६वर धरायचं की ४८वर. नॅशनल कॉन्फरन्स आघाडी दोन्हींच्या पलीकडे गेली, म्हणून प्रश्न त्या वेळी निघाला नाही. तो सुटला असं मात्र नव्हे.

माझं मत विचाराल तर नेमलेल्यांनी बोलावं, समित्यांत बसावं, मंत्र्यांना घाम फोडावा. पण ज्या मतावर सरकार टिकतं किंवा पडतं ते मत त्यांना नसावं. आणि यादी आल्यावर राज्यपालांनी किती दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, हे घटनेतच लिहावं.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: 'त्यापेक्षा परिषदच बंद का करत नाही?' तमिळनाडूने केली. १९८६ साली एम. जी. रामचंद्रन यांनी एका लोकप्रिय अभिनेत्रीचं नाव नियुक्तीसाठी पुढे केलं, तिच्या दिवाळखोरीचा मुद्दा निघाला, नाव मागे घ्यावं लागलं. त्यानंतर विधानसभेने ठराव केला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला परिषद संपली. २०१०मध्ये ती परत आणायचा कायदा संसदेने केला. पुढच्या वर्षी सरकार बदललं, परिषद काही आली नाही. आपल्याकडे असा ठराव मांडायचा तर तो मांडणाऱ्यालाच विचारावं लागेल, तुमच्या पक्षातल्या पडलेल्यांचं काय करणार?

दुसरी चिठ्ठी खोडकर आहे: 'सर, यादीत तुमचं नाव आलं तर?' येणार नाही. शिकवणं त्या पाचांत बसत नाही. शिक्षकांना वेगळा मतदारसंघ आहे, आणि तिथे निवडणूक लढवावी लागते.