पाण्याकडे तोंड करून उभी असलेली घरे

श्रोतेहो, नमस्कार.

उत्तर इटलीत, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या कोमो सरोवराविषयी आणि त्या सरोवरात आम्ही एका सकाळी केलेल्या अडीच तासांच्या नौकासफरीविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. नकाशात पाहिले तर या सरोवराचा आकार उलट्या धरलेल्या बेचकीसारखा दिसतो. बेचकीची मूठ उत्तरेला डोंगरांत शिरलेली आहे, तिचे दोन पाय दक्षिणेकडे फाकलेले आहेत, आणि त्यांतल्या एकाच्या टोकाला कोमो व दुसऱ्याच्या टोकाला लेक्को ही शहरे आहेत. हे तिन्ही फाटे जिथे मिळतात त्या भूशिरावर बेल्लाजिओ नावाचे गाव वसले आहे. सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे १४६ चौरस किलोमीटर आहे. पण त्याची खरी ओळख त्याच्या खोलीत आहे, आणि त्याबद्दल मी पुढे सांगेन.

पहिल्या दिवशी आम्ही हे सरोवर रस्त्याने पाहिले आणि मला मनापासून हळहळ वाटली. किनाऱ्यालगतचा रस्ता अरुंद, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उंच दगडी भिंती. ज्या प्रासादांची नावे वाचून आम्ही आलो होतो, त्यांची बंद फाटके, भिंतींवरून डोकावणारे झाडांचे शेंडे आणि छपरांच्या कडा एवढेच आमच्या वाट्याला आले. संध्याकाळी धक्क्यावर उभे राहून समोरच्या काठाकडे पाहिले, तेव्हा ध्यानात आले की दिवसभर आपण घरांच्या पाठी पाहत होतो. इथल्या जुन्या घरांची दर्शनी बाजू सरोवराकडे आहे. त्यांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, पायऱ्यांच्या शेवटी नाव बांधायचे खुंट असतात, आणि बऱ्याच घरांच्या खाली, पाण्याच्या पातळीवर, नावा आत घ्यायच्या कमानी असतात. अशा कमानीखालच्या नौकागृहाला तिकडे ‘दार्सेना’ म्हणतात. ज्यांनी ही घरे बांधली ते लोक आणि त्यांचे पाहुणे पाण्यानेच येत असत. तेव्हा घर पाहायचे असेल तर पाहुण्यासारखे पाण्यावरूनच जायला हवे, असे आम्ही ठरवले.

आमचा मुक्काम पूर्व काठावरच्या वारेन्ना या लहानशा गावी होता. मिलान शहरातून आगगाडीने इथे सुमारे एका तासात पोहोचता येते. सरोवरात सार्वजनिक बोटींची सेवा चांगली आहे, मोटारी वाहून नेणारे तराफेही आहेत, आणि ज्याला फक्त एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे आहे त्याने त्या बोटींनीच जावे. पण माझ्याबरोबर माझी ७५ वर्षांची आई होती. तिचे गुडघे दुखतात; रांगेत उभे राहणे आणि गर्दीत चढणे-उतरणे तिला झेपत नाही. शिवाय मोठी बोट तिच्या ठरलेल्या मार्गाने जाते, एखाद्या घरासमोर ती आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून आम्ही नावाड्यासह एक छोटी लाकडी मोटारबोट अडीच तासांसाठी ठरवली. अशा बोटीचे भाडे माणशी नसते, ते बोटीचे आणि वेळेचे असते. त्यामुळे चार-सहा जण असतील तर ते फारसे जड जात नाही. इंधन आणि नावाड्याची मजुरी त्यात धरली आहे का आणि वाटेत कुठे उतरता येईल, हे मात्र आधी स्पष्ट विचारून घ्यावे. चाळीस अश्वशक्तीपर्यंतच्या लहान बोटी परवान्याशिवाय स्वतः चालवायलाही मिळतात. तरीही ज्याला पाण्याची सवय नाही त्याने नावाडी घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण सुकाणू हातात असलेल्या माणसाला आजूबाजूचे काहीच निवांत पाहता येत नाही.

नावाड्याने आम्हांला सकाळी नऊची वेळ दिली होती, आणि तिच्यामागे कारण होते. या सरोवरावर दोन वाऱ्यांचे राज्य आहे. रात्रीपासून सकाळपर्यंत उत्तरेकडून डोंगरातला गार वारा खाली उतरतो, त्याला ‘तिवानो’ म्हणतात. दिवस वर आला, डोंगरउतार तापले, की दुपारी दक्षिणेकडून ‘ब्रेवा’ हा वारा सुटतो आणि पाण्यावर लाटा उठू लागतात. या दोहोंच्या मधला वेळ सर्वांत शांत असतो. आम्ही धक्का सोडला तेव्हा तिवानो विसावत आला होता आणि पाणी इतके स्थिर होते की वारेन्नाची पिवळी, गेरू आणि गुलाबी रंगांची घरे जशीच्या तशी उलटी दिसत होती.

नावाडी आधी आम्हांला काठाकाठाने थोडे दक्षिणेला घेऊन गेला. तिथे फ्युमेलात्ते नावाचा एक प्रवाह डोंगरातल्या गुहेतून बाहेर पडतो आणि जेमतेम अडीचशे मीटर धावून सरोवरात उडी घेतो. नदी म्हणून ज्याची गणना होते असा हा इटलीतल्या सर्वांत आखूड प्रवाहांपैकी एक आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘दुधाची नदी’. खडकांवर आपटून त्याचे पाणी खरोखरच दुधासारखे फेसाळते. वसंत ऋतूत तो वाहू लागतो आणि हिवाळ्यात आटतो. लिओनार्दो दा विंचीने आपल्या टिपणांत त्याची नोंद केली आहे. आम्ही मे महिन्यात गेलो होतो, त्यामुळे प्रवाहाला भरपूर पाणी होते, आणि इंजिन बंद केल्यावर फक्त त्याचा आवाज ऐकू येत राहिला.

तिथून आम्ही सरोवराच्या मध्यावर आलो. खोलीची गोष्ट इथे सांगायला हवी. आपण ज्या पाण्यावर बसलेलो असतो ते समुद्रसपाटीपासून सुमारे १९८ मीटर उंचीवर आहे, आणि सरोवराची कमाल खोली ४०० मीटरांहून अधिक आहे. म्हणजे डोंगरांच्या कुशीतल्या या सरोवराचा तळ समुद्राच्या पातळीच्याही सुमारे दोनशे मीटर खाली गेला आहे. हिमयुगांत आल्प्समधून उतरणाऱ्या प्रचंड हिमनद्यांनी ही दरी खरवडून खोल केली, हिमनद्या वितळल्या आणि पाणी मागे राहिले. आजही उत्तरेकडून अद्दा नदी सरोवरात येते आणि लेक्कोकडून बाहेर पडते. एवढे खोल पाणी उन्हाळ्यात तापायला वेळ घेते आणि हिवाळ्यात सहजासहजी निवत नाही. म्हणून काश्मीरहूनही कितीतरी उत्तरेला, बर्फाच्छादित शिखरांच्या नजरेच्या टप्प्यात, या काठांवर ऑलिव्हची झाडे फळतात आणि बागांमधून लिंबे पिकतात. हा चमत्कार मी पुस्तकात वाचला होता. पण एका बाजूला बर्फ आणि दुसऱ्या बाजूला ऑलिव्हच्या राखाडी-हिरव्या रांगा एकाच नजरेत येतात, ते ठिकाण पाण्याच्या मध्यावरच सापडते.

बेल्लाजिओचे टोक वळसा घालून आम्ही पलीकडच्या फाट्यात शिरलो. डाव्या हाताला व्हिला मेल्झी दिसला. नेपोलियनच्या काळातल्या इटालियन प्रजासत्ताकाचा उपाध्यक्ष असलेल्या फ्रान्चेस्को मेल्झी याने १८०८ ते १८१० या काळात बांधून घेतलेले हे पांढरे, साधे, सरळ रेषांचे घर आहे. पाण्याच्या कडेने छाटलेल्या झाडांची एक लांब रांग आणि तिच्या टोकाशी एक छोटा घुमटाकार मंडप आहे. आम्ही तिथे फार रेंगाळलो नाही.

समोरच्या काठावर त्रेमेत्झो गावी व्हिला कार्लोत्ता आहे. तिथे नावाड्याने पुन्हा इंजिन बंद केले. पाण्यावरून फाटक दिसते, मग कारंजे, मग दोन्ही बाजूंनी चढत गेलेले जिने, आणि त्यांच्या वर सतराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले घर. ही सगळी रचना एका सरळ रेषेत आहे, आणि ती रेषा जिथून सुरू होते ती जागा पाण्यात आहे. भोवतालच्या बागेत ऱ्होडोडेन्ड्रॉन आणि अझेलिया अशा फुलल्या होत्या की पाने दिसत नव्हती. १८४३ मध्ये प्रशियाच्या राजघराण्यातल्या मारियाने या राजकन्येने हे घर विकत घेतले आणि पुढे आपली मुलगी शार्लोट हिला लग्नात दिले. शार्लोटला इटालियन लोक कार्लोत्ता म्हणू लागले आणि घरालाही तेच नाव राहिले. मी हे आईला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आंदण दिलेलं घर.” मला इतका नेमका शब्द सुचला नव्हता. मग मी तिला पुढचे सांगितले, की ती मुलगी १८५५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, बाळंतपणात गेली. आई बराच वेळ त्या जिन्याकडे पाहत राहिली. नावाड्याला आमची भाषा समजत नव्हती, पण त्याने घाई केली नाही. ठरलेल्या वेळापत्रकाच्या बोटीत बसून गेलो असतो, तर ती चार-पाच मिनिटे आम्हांला कुठून मिळाली असती?

तिथून लेन्नोच्या उपसागराला वळसा घालून आम्ही लावेदोच्या भूशिरावर आलो. या भूशिराच्या टोकावर, खडकाला बिलगून, व्हिला देल बाल्बियानेल्लो उभा आहे. आपल्याकडच्या पुष्कळांनी त्याचे छायाचित्र नोव्हेंबर २०१८ मध्ये पाहिले असेल, कारण दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंह यांचा विवाह इथे झाला. लेन्नोहून पायी यायचे तर सुमारे एक किलोमीटरची चढ-उताराची वाट आहे. आईला ती शक्य नव्हती. बोट मात्र थेट घराच्या धक्क्याला लागली, आणि कठड्याला धरून, मध्ये दोनदा थांबून, ती वरच्या बागेत पोहोचली.

या जागी पूर्वी फ्रान्सिस्कन साधूंचा मठ होता. त्याच्या चर्चचे दोन घंटामनोरे आजही घराच्या अंगाशी उभे आहेत. १७८७ मध्ये कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चमधला वरिष्ठ धर्माधिकारी, असलेल्या दुरिनी याने इथे आपले विश्रामस्थान बांधले. भूशिराच्या सर्वांत उंच जागी त्याने दोन दालने आणि त्यांच्यामध्ये एक मोकळा कमानींचा सज्जा ठेवला. या सज्जात उभे राहिले की एका बाजूच्या कमानीतून त्रेमेत्झोकडचे पाणी दिसते आणि दुसऱ्या बाजूच्या कमानीतून कोमाचिना बेटाकडचे. कमानींवर एक वेल इतक्या काटेकोरपणे चढवली आहे की ती दगडात कोरल्यासारखी भासते. जमीन खडकाळ आणि तोकडी असल्यामुळे इथे फुलांच्या मोठ्या ताटव्यांना जागा नाही. म्हणून माळ्यांनी झाडांनाच आकार दिले. प्लेन वृक्षांच्या फांद्या समईच्या दिव्यांसारख्या वर उचललेल्या आहेत, आणि एक जुना सदाहरित ओक छत्रीसारखा गोल छाटलेला आहे.

या घराचा शेवटचा मालक ग्विदो मोन्झिनो हा साहसी प्रवासी होता. कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी तो १९७१ मध्ये उत्तर ध्रुवावर पोहोचला आणि १९७३ मध्ये त्याच्या नेतृत्वाखालच्या पथकाने इटलीतर्फे प्रथमच एव्हरेस्ट सर केले. पुढच्याच वर्षी त्याने हे घर घेतले. १९८८ मध्ये मरताना त्याने ते इटलीच्या वारसा जपणाऱ्या ‘फाई’ या संस्थेला दिले, आणि बागेतल्या जुन्या बर्फघरात त्याची समाधी आहे. घराच्या आत त्याच्या मोहिमांचे संग्रहालय आहे. ते मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते आणि आमच्याकडे तेवढा वेळ नव्हता. बाल्बियानेल्लो आठवड्यातले काही वार बंद असते आणि प्रवेशशुल्क बोटीच्या भाड्याहून वेगळे द्यावे लागते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

परत निघण्यापूर्वी नावाड्याने आम्हांला कोमाचिना बेटाभोवती फिरवले. या सरोवरातले हे एकुलते एक बेट, एक किलोमीटरसुद्धा लांब नाही. आज त्यावर झाडी, जुन्या चर्चचे अवशेष आणि मोजकी घरे आहेत. पण मध्ययुगात इथे भरलेले, तटबंदीचे गाव होते. मिलान आणि कोमो यांच्या दीर्घ वैरात बेटाने मिलानची बाजू घेतली, आणि सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा पाठिंबा लाभलेल्या कोमोने ११६९ मध्ये ते जाळून उद्ध्वस्त केले. दर वर्षी जूनच्या अखेरीस, सेंट जॉनच्या सणाला, काठावरची माणसे गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत तेलाचे दिवे लावून पाण्यावर सोडतात आणि आतषबाजीने त्या आगीची आठवण करतात. बेटावरून वाचलेली माणसे नावांत बसून पळाली आणि त्यांनी पलीकडच्या काठावर वारेन्नामध्ये आसरा घेतला. म्हणजे ज्या गावातून आम्ही सकाळी निघालो होतो, तिथे.

परतीच्या वाटेवर एका घाटाला बांधलेली एक जुनी सपाट तळाची नाव दिसली. तिच्यावर ताडपत्री पसरण्यासाठी लाकडाच्या तीन कमानी होत्या. कोळ्यांची आणि मालवाहतुकीची ही या सरोवरावरची पारंपरिक नाव; एकोणिसाव्या शतकातल्या एका गाजलेल्या इटालियन कादंबरीच्या नायिकेवरून तिला ‘लुचिया’ म्हणू लागले. आता भरधाव बोटी वाढल्या आहेत. त्यांच्या लाटा जुन्या घाटांच्या दगडांवर सतत आपटत राहतात आणि त्यांचा आवाज डोंगरांत घुमतो. मला त्याचे फार वाईट वाटते. बोट ठरवताना आपण नावाड्याला “सावकाश चला” एवढे सांगू शकतो. आमच्या नावाड्याला ते ऐकून आनंदच झाला.

अकराच्या पुढे ब्रेवा सुटू लागला. तो पाठीमागून येत होता, त्यामुळे बोट लाटांच्या बरोबरीने पुढे सरकत होती. सकाळी आरशासारखे दिसणारे पाणी आता गडद निळे आणि खडबडीत झाले होते. आईने कठड्यावरून हात खाली सोडून बोटे पाण्यात बुडवली आणि चटकन वर घेतली. मे महिना असूनही पाणी बोचेल इतके गार होते. समोर वारेन्नाचे चर्च आणि त्याचा घंटामनोरा दिसू लागला, मग घाटाच्या पायऱ्या दिसल्या. नावाड्याने दोर खुंटाला अडकवला, एक पाय बोटीत आणि एक पायरीवर ठेवून आईला हात दिला, आणि ती पाण्याच्या बाजूने गावात उतरली.

नमस्कार.