गोचीडतापात कुत्र्याची कोणती रक्ततपासणी करावी, आणि कधी?

नमस्कार. कुत्र्याला ताप आहे, त्याने खाणे सोडले आहे, हिरड्या पांढुरक्या पडल्या आहेत आणि कानाच्या घडीत गोचीड सापडली आहे, असे दिसले की बहुतेकांच्या मनात टिक फीवरची, म्हणजेच गोचीडतापाची शंका येते. या एका नावाखाली अनेक रोगजंतू मोडतात आणि त्यांची औषधे वेगवेगळी आहेत. त्यामुळे एका चाचणीत ‘निगेटिव्ह’ आले म्हणून निश्चिंत होणे कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. कोणती चाचणी रक्तात नेमके काय शोधते, ते आज पाहू.

आपल्याकडे मुख्यतः दोन नावे ऐकू येतात. एर्लिकिया कॅनिस हा पांढऱ्या पेशींत राहणारा जिवाणू आहे, तर बॅबेसिया हा तांबड्या पेशींत शिरून त्या फोडणारा एकपेशीय परजीवी आहे. बॅबेसियातील गिब्सोनी ही जात तर भारतातच प्रथम नोंदली गेली. १९१० मध्ये पॅटन यांनी मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तातून तिचे वर्णन केले.

सुरुवात सहसा सीबीसीने, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीने होते. निरोगी कुत्र्यात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी, साधारणपणे प्रति मायक्रोलिटर २ ते ५ लाख असतात आणि त्या घसरल्या की संशय बळावतो, पण एवढ्यावरून रोगाचे नाव ठरत नाही. शिवाय नमुन्यात प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या असतील, तर यंत्र प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवते. म्हणून तो आकडा काचपट्टीवर पडताळून घेणे आवश्यक असते.

ही काचपट्टीची तपासणी, म्हणजे ब्लड स्मिअर, स्वस्त आहे आणि माझ्या मते तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. कानाच्या टोकाला बारीक टोचून निघालेला रक्ताचा थेंब काचेवर घेतात, दुसरी काच तिरकी टेकवून तो एका झटक्यात पसरवतात, वाळल्यावर मिथेनॉलने स्थिर करून गिम्सा रंग देतात आणि हजारपट मोठे करून पाहतात. गुलाबीसर तांबड्या पेशीत जांभळा ठिपका असलेले इवलेसे कडे दिसले, तर गिब्सोनीचा संशय घेतात. नासपतीच्या आकाराच्या मोठ्या जोड्या दिसल्या, तर बहुधा बॅबेसियाचीच वोगेली ही दुसरी जात असते. हा भेद उपचारासाठी मोलाचा आहे, कारण वोगेलीवर इमिडोकार्ब या औषधाचा चांगला परिणाम होतो, तर गिब्सोनी त्याला सहसा दाद देत नाही आणि तिच्यासाठी अटोव्हाक्वोन व अझिथ्रोमायसिन अशी औषधांची जोडी वापरतात. बॅबेसिया असलेल्या पेशी बारीक केशवाहिन्यांत अधिक आढळू शकतात, म्हणून कानाचे रक्त उपयोगी पडते. मात्र परजीवींची संख्या कमी असेल तर ते नजरेतून सुटतात, आणि एर्लिकिया तर स्मिअरवर क्वचितच सापडतो.

दवाखान्यात काही मिनिटांत उत्तर देणारे किट बहुधा प्रतिपिंडे शोधते, म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने दिलेला प्रतिसाद तपासते. प्रतिपिंडे तयार होण्यास दिवस लागतात, म्हणून तापाच्या पहिल्या दिवसांत किट निगेटिव्ह येऊ शकते. उलट जुना, बरा झालेला संसर्गही अनेक महिने पॉझिटिव्ह दाखवू शकतो. शिवाय बऱ्याच किटमध्ये बॅबेसियाची तपासणी नसतेच, म्हणून किट नेमके कोणत्या जंतूंसाठी आहे, हे डॉक्टरांना अवश्य विचारा.

पीसीआर जंतूचा डीएनए शोधते, त्यामुळे ती प्रतिपिंडे येण्याआधीही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि जातही ओळखता येते. त्यासाठीचे रक्त जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत, आणि शक्यतो डॉक्सीसायक्लिनसारखे औषध सुरू होण्यापूर्वी घ्यावे. औषध सुरू झाल्यावर जंतू घटतात आणि अहवाल फसवा निघू शकतो. कुत्रा अत्यवस्थ असेल, तर अहवालाची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. नमुना आधी घेऊन ठेवावा आणि औषध त्याच वेळी सुरू करावे.

उपचारानंतरही हा हिशेब लागू होतो. कुत्रा खेळू-खाऊ लागला, प्लेटलेट सावरल्या, तरी प्रतिपिंडांचे किट पॉझिटिव्हच राहू शकते, आणि केवळ त्यावरून औषधाचा नवा कोर्स सुरू करणे योग्य नाही. गिब्सोनीची बाधा मात्र वरवर बऱ्या दिसणाऱ्या कुत्र्यातही लपून राहू शकते आणि रक्त देताना ती दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून तुमचा कुत्रा कुणाला रक्त देणार असेल, तर त्याची बॅबेसियासाठी पीसीआर आधी करून घ्या.